धागा: घरच्या खोलीतून स्वतःचं लेबल (गाणी काढणारी छोटी कंपनी) – रेकॉर्डिंग, कागद, कोड आणि हिशेब

खरज_लालबाग (धागाकर्ता)

लॅपटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस आणि एक माइक एवढ्या सामानावर मराठी गाणं घरात पूर्ण होतं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. लालबागच्या खोलीत आवाज, डोंबिवलीत ढोलकी, पनवेलला मिक्सिंग अशी गाणी सर्रास होतात. गाडी अडते ती नंतर. गाणं वर चढवून सहा महिने झाले की लक्षात येतं, मुद्रणाचा (रेकॉर्डिंगचा) मालक कोण हे कुठेच लिहिलेलं नाही. गीतकाराचं नाव भलत्याच रकान्यात आहे. मूळ ट्रॅक एका जुन्या डिस्कवर होते आणि ती डिस्क आता उघडत नाही.

म्हणून हा धागा. खोलीपासून हिशेबापर्यंत ज्याला जे पक्कं माहीत आहे, ते त्याने आकड्यांसकट लिहावं. ‘कोणता माइक घेऊ’ यावर वेगळे धागे आहेत, ती चर्चा इथे नको.

थोडी पार्श्वभूमी. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स लेबलवर काढली आणि कोणतं गाणं कितव्या टेकला (प्रयत्नाला) घेतलं हेही कव्हरवर छापलं. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने आपल्या पहिल्या तबकडीच्या कव्हरवर रेकॉर्डिंग ते छपाई सगळा खर्च मांडला. वाचणाऱ्याला वाटलं, एवढ्यात होतं तर आपणही करू. त्या काळच्या छोट्या ब्रिटिश लेबलांची वाढ अशा उघड हिशेबातून झाली. आपल्याकडे ते काम कॅसेटने केलं. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघरी पोचला आणि मोठ्या कंपनीच्या तबकडीवर ज्यांना जागा मिळत नव्हती ती भीमगीतं, कोळीगीतं, भारुडं छोट्या कंपन्यांनी काढली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी त्याच जिव्हाळ्याने काढल्या. पण त्या काळच्या कितीतरी कॅसेटींवर वादकांची नावंसुद्धा नाहीत. ती चूक आपण पुन्हा करायची नाही.

अबोली_कल्याण

सुरुवात खोलीपासून करू या का? खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ, एका बाजूला रेल्वेलाइन. भिंतीवर फोम चिकटवायचा विचार आहे. एक इंची पुरेल का?

मांजरपाट

अबोलीताई, फोमवर पैसे घालू नका. कारण सांगतो, म्हणजे पुढचे निर्णय स्वतः घेता येतील.

मऊ पदार्थ भिंतीपासून जितका पुढे असेल, त्याच्या चौपट लांबीच्या लहरीपर्यंत तो नीट काम करतो. एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर. चौपट केल्यावर १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३,४०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं). त्याच्या वरचं शोषलं जाणार, खालचं तसंच घुमत राहणार. अशा खोलीतला आवाज ऐकला की कोंदट वाटतो: वरची चमक गेली, मधला घुमारा राहिला. अंड्यांचे ट्रे लावून तर एवढंही होत नाही.

त्यापेक्षा घरातली जाड कापसाची गोधडी घ्या, दुहेरी करा आणि भिंतीपासून चार इंच पुढे दोरीवर टांगा. तोच हिशेब लावला तर ८५० हर्ट्झपर्यंत पोचता, आणि खर्च शून्य.

आता ती टांगायची कुठे? बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड माइक (समोरचं जास्त ऐकणारा) मागचं आधीच कमी ऐकतो. त्याला ऐकू येतो गाणारा आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून पहिली गोधडी गाणाऱ्याच्या पाठीशी, मग दोन्ही बाजूंना, आणि उरली तर डोक्यावर. गाणारा खोलीच्या बरोबर मध्यावर नको आणि कोपऱ्यातही नको. लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास उभा करा.

खर्जाचा घुमारा हा वेगळा प्रश्न आहे. ११३० (आवाजाचा सेकंदाला फुटांतला वेग) भागिले लांबीच्या दुप्पट, असा तो हिशेब. तुमच्या खोलीत १० फुटांना ५६ हर्ट्झ, १२ फुटांना ४७ आणि साडेनऊ फुटांना ५९ येतात. ५६ आणि ५९ जवळजवळ असल्यामुळे तिथे ढोलकीचा धुम (जाड तोंडाचा खर्जातला आवाज) किंवा बेस फुगलेला ऐकू येईल. गाताना याचा त्रास नाही, मिक्सिंग करताना आहे. त्यासाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) पॅनल लागतात: ४ बाय २ फुटांची लाकडी चौकट, आत घनमीटरला ४८ किलो घनतेच्या ५० मिमी जाडीच्या दोन लाद्या, वरून मांजरपाट ताणून स्टेपल. हात आणि नाक झाकून काम करा, तंतू त्वचेत घुसतात. पॅनल भिंतीला चिकटवू नका, दोन इंच फट ठेवा. एक तर काम जास्त करतो, दुसरं म्हणजे जुलैत ओल धरून मागे बुरशी येत नाही.

वेव्हफॉर्म_ठाणे

गोधडीबद्दल पूर्ण सहमत. रेल्वेबद्दल भर घालतो: गोधडी खोलीतला प्रतिध्वनी मारते, बाहेरचा आवाज अडवत नाही. दोन्हींची गल्लत होते. बाहेरचा आवाज अडवायला वजन आणि फटी बंद असणं लागतं. दाराखालची अर्ध्या इंचाची फट रबरी पट्टीने बुजवली तर जो फरक पडतो, तो दारावर चार चादरी टांगून पडत नाही.

उरलेल्यावर उपाय म्हणजे अंतर. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबीने (डेसिबलने) वाढतो आणि मागचा गोंगाट तेवढाच राहतो. गजबजलेल्या वस्तीत चांगल्या कंडेन्सरपेक्षा (जास्त बारीक ऐकणाऱ्या माइकपेक्षा) साधा डायनॅमिक माइक तीन इंचांवर धरून जास्त स्वच्छ मुद्रण मिळतं. त्याला गेन (इंटरफेसने आवाज वाढवण्याचं प्रमाण) खूप लागतो, मऊ आवाजाला ५५-६० डीबीपर्यंत, तेव्हा इंटरफेस घेताना तो आकडा बघून घ्या. लोकलची घरघर बहुतेक ८० हर्ट्झच्या खाली असते, आवाजाच्या ट्रॅकवर ८० ला हाय-पास (त्याखालचं गाळणारा फिल्टर) लावून कापा. पातळी अशी ठेवा की सर्वांत जोरकस जागेला मीटरवर उणे १० ते १२ डीबी दिसेल. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर याहून वर नेण्यात काहीच फायदा नाही.

पंखा बंद, फोन विमान मोडवर, बांगड्या काढून. आणि गाण्याचा कागद हातात नको, स्टँडवर जाड पुठ्ठ्याला चिकटवून, माइकच्या सरळ रेषेत येणार नाही असा.

अबोली_कल्याण

खूप आभार. बारीक गुणगुण येते, पंखा बंद असला तरी. ती कशाची?

वेव्हफॉर्म_ठाणे

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण गेली तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा. जुन्या चाळीत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी देतं, तो ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा. बॅटरीवरही राहिली तर फॅनचा रेग्युलेटर, ट्यूबचा चोक आणि वीजतारेला समांतर टाकलेली माइकची केबल या क्रमाने बघा. केबल काटकोनात ओलांडली की बराच फरक पडतो.

धुमाळी

ढोलकी. यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, म्हणून जरा सविस्तर.

दोन माइक लागतात, एक बारीक तोंडाला, एक धुमाच्या तोंडाला. दोन्ही सहा ते आठ इंचांवर, तोंडाच्या मध्यावर रोखलेले नाहीत तर कडेच्या दिशेने थोडे तिरके. मध्यावर रोखले की बोटाची टकटक जास्त आणि नाद कमी येतो. वादक मांडी घालून बसणार, त्यामुळे खाली सतरंजी हवीच. टाइल्सवरून परतणारा आवाज धुमाच्या माइकमध्ये शिरतो आणि धुम पोकळ होतो.

दोन माइक म्हणजे फेजचा प्रश्न, दोन्हींतल्या लहरी एकमेकींना खोडू शकतात. दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये (एकाच चॅनलवर) एकत्र ऐका, मग एकाची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटी करा. ज्या स्थितीत धुम भरदार ऐकू येतो, ती ठेवा. हे रेकॉर्डिंगच्या आधी करायचं. नंतर केलं तरी चालतं, पण मग माइक हलवता येत नाही.

थाप सरासरी आवाजापेक्षा १५-२० डीबीने उसळते. रियाजाच्या जोरावर गेन लावला आणि प्रत्यक्षात वादक रंगात आला की क्लिप होतं (आवाज फाटतो), आणि क्लिप झालेली थाप दुरुस्त होत नाही. वादकाला सांगा, गाण्यातला सर्वांत जोरकस तुकडा वाजवा. त्यावर गेन लावून आणखी चार डीबी खाली आणा.

सूर प्रत्येक टेकआधी तपासा. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि दहा मिनिटांत उतरतं. एसी लावला की उलट चढायला लागतं. एकदा एसी लावला तर तो रेकॉर्डिंग संपेपर्यंत एका तापमानाला ठेवा आणि वाद्य त्या खोलीत तासभर आधी आणून ठेवा. शेवटी एकेक बोल सुटा, हलक्या-मध्यम-जोरकस अशा तीन ताकदींत रेकॉर्ड करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण एखादी थाप चुकलेली सापडली की वादकाला पुन्हा बोलवावं लागत नाही.

क्लिकबद्दल (कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका): लावणीत लग्गीला लय चढणं हा दोष नाही, तोच तिचा प्राण आहे. मिनिटाला १२० ठोक्यांना सुरू झालेलं गाणं अखेरीस १२० लाच ठेवलं तर ते मेलेलं वाटतं. आधी ढोलकी आणि आवाज क्लिकशिवाय घ्या, मग सॉफ्टवेअरमध्ये त्यावर टेम्पो मॅप (लयीचा नकाशा) बसवा आणि बाकीची वाद्यं त्या नकाशावर वाजवा.

खरज_लालबाग

धुमाळी, क्या बात है. हार्मोनियमचं एक त्यात जोडतो. पेटी नेमकी ४४० हर्ट्झला असतेच असं नाही. ४४२ वर असली तर ती तानपुऱ्याच्या अ‍ॅपपेक्षा सुमारे ८ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा, अर्ध्या स्वराचा, शंभरावा भाग) वर राहते. इतका फरक कानाला चटकन कळत नाही, पण गाणारा बिचारा दोघांच्या मधे लोंबकळतो आणि दोष त्याच्या सुराला दिला जातो. पेटी बदलता येत नाही. म्हणून आधी ट्यूनरवर पेटीचा षड्ज मोजायचा आणि तानपुरा, कीबोर्ड सगळं तिच्याशी जुळवायचं.

मांजरपाट

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर कंडेन्सर माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दमट हवेत कॅप्सूलमधून चरचर, टपटप येते. तसं झालं तर हेअर ड्रायर मारू नका. इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करून अर्धा तास कोरड्या खोलीत राहू द्या, बहुतेक वेळा पूर्ववत होतो.

सुरावट_विरार

शब्दोच्चारावर कुणीच लिहिलं नाही. मराठीत ‘प’पेक्षा ‘फ’ आणि ‘भ’ माइकवर जास्त आदळतात, आणि दंत्य ‘च’ इंग्रजी ‘स’सारखा चरचरतो. ‘चाफा’ हा एकच शब्द घ्या. दंत्य च, त्यामागून लगेच फ. सरळ माइकमध्ये गायलात तर आधी शिट्टी आणि मग धप्प असा आवाज येणार. पॉप फिल्टर तोंडापासून तीन-चार इंचांवर ठेवायचा आणि माइक ओठांच्या रेषेतून २०-२५ अंश बाजूला वळवायचा. डी-एसर (चरचर दाबणारं सॉफ्टवेअर) लावलात तर ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये, आणि ३-४ डीबीपेक्षा जास्त दाबू नका. जास्त दाबला की ‘चाळ’ मधला च तालव्य ऐकू येतो आणि मराठी माणसाला ते लगेच खटकतं. तेवढाच शब्द हाताने दोन डीबी खाली घेणं केव्हाही चांगलं.

वेव्हफॉर्म_ठाणे

फाइलींची देवाणघेवाण. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो.

ढोलकी ४८ हजारच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) रेकॉर्ड झाली, गाण्याचा प्रोजेक्ट ४४.१ चा, आणि फाइल रूपांतर न करता तशीच वाजली, तर ती हळू होते आणि सुमारे दीड सेमिटोन उतरते. काळी चारला लावलेली ढोलकी काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधे कुठेतरी जाऊन पडते. मग वादकाला फोन, ‘दादा, तुमची ढोलकी सुरात नाही’. ती सुरातच असते. पहिल्या दिवशी ठरवा: ४४.१ की ४८, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपीथ्री फक्त ऐकवण्यापुरती.

प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढा, मध्ये कितीही शांतता असली तरी. दुसऱ्याने सगळे ट्रॅक एका रेषेत टाकले की गाणं जागच्या जागी बसलं पाहिजे. फाइलच्या नावात गाणं, वाद्य, टेम्पो, पट्टी आणि तारीख असू द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नक्की’ अशी नावं ठेवू नका. ही नावं रोमन लिपीत ठेवलेली बरी, सगळी सॉफ्टवेअरं देवनागरी नीट वाचत नाहीत.

काम संपल्यावर दोन संच काढून ठेवा, एक इफेक्टसकट आणि एक कोरा. दहा वर्षांनी तो प्लग-इन चालणार नाही, कोरी वेव्ह फाइल मात्र उघडेल. तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्याच्या घरी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी २६ जुलै २००५ आठवावी.

अबोली_कल्याण

आणि मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) किती मोठ्या आवाजाचा ठेवायचा? बाकीच्या गाण्यांपुढे आपलं बारीक वाटतं.

वेव्हफॉर्म_ठाणे

स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाण्याची पातळी साधारण उणे १४ लफ्सला (सरासरी आवाजाचं एकक) आणतात, अ‍ॅपल म्युझिक उणे १६ ला. तुम्ही दाबून दाबून उणे ८ ला नेलंत तर स्पॉटिफाय ते ६ डीबीने खाली ओढणार. आवाज तेवढाच राहिला आणि थाप चपटी झाली, हाच सगळा नफा. ढोलकीच्या गाण्याला उणे १२ ते १४ योग्य, ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) उणे १.

एक अपवाद. बेंजोवाले आणि मिरवणुकीतले साउंडवाले फाइल थेट वाजवतात, तिथे कुणी पातळी जुळवत नाही. त्यांच्यासाठी वेगळा, उणे ९ च्या आसपासचा मास्टर काढा आणि मोनोमध्ये नक्की ऐका. डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेला कोरस मोनोत गायब झाला तर मिक्सिंगला परत जा. शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही येत नाही, धुम नाहीसा होतो. धुमाच्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन दिलं की त्याचे वरचे स्वर उठतात आणि फोनवरही धुम आहे असं कानाला वाटतं.

कलम_एकोणीस

आता कागद. एका गाण्यात वेगवेगळी मालमत्ता असते: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, मुद्रण निर्मात्याचं. शिवाय गायक-वादकांचे कलाकार म्हणून हक्क आहेत, ते वेगळे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. चौघांनी मिळून खर्च केला तर पुढाकार कुणाचा? इथेच भांडणं होतात. पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी एका पानावर लिहा: मुद्रणाचे मालक कोण, किती टक्के, शब्द आणि चालीचे टक्के किती, वादकांना ठरावीक मानधन की वाटा, खर्च आधी वसूल होणार की पहिल्या रुपयापासून वाटणी.

हक्क लिहून देणं-घेणं लेखी आणि सहीचंच लागतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल तर ते परत जातात. लेबल काढणाऱ्यांनो, ‘जगभर’ हा एक शब्द राहून गेला तर परदेशातल्या स्ट्रीमचं तुम्ही काय करणार?

२०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांनी हक्क लिहून दिले तरी वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा त्यांचा अधिकार जात नाही. तो ते फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देऊ शकतात. ‘एकरकमी घेतले, विषय संपला’ असं कलम घातलंत तरी ते टिकणार नाही, तेव्हा घालू नका. शब्द-चालीच्या रॉयल्टीसाठी गीतकार आणि संगीतकार दोघांनी आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्यावं आणि प्रत्येक गाण्याची नोंद करावी. सभासद झाले पण गाणी नोंदवलीच नाहीत, तर पैसे पोचणार कसे?

मैत्रीवर चालणारी लेबलं सुंदर वाटतात, मान्य. पण मँचेस्टरचं फॅक्टरी रेकॉर्ड्स १९९२ साली बुडालं, तेव्हा विकत घ्यायला आलेल्या लंडन रेकॉर्ड्सच्या लक्षात आलं की न्यू ऑर्डर या बँडची मुद्रणं फॅक्टरीच्या मालकीचीच नाहीत. कलाकारांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण दोन्ही बाजूंना ते आधी स्पष्ट ठाऊक असावं.

सुरावट_विरार

आणि पारंपरिक गाणी? अभंग, कोळीगीत, भीमगीत यांना तर परवानगी लागत नाही ना?

कलम_एकोणीस

ताई, इथेच जपा. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, चाल मात्र कुणाची आहे ते बघा. हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांनी बांधलेल्या चालींचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे, शब्द सतराव्या शतकातले असले तरी. स्वतःची नवी चाल लावा, प्रश्न मिटतो.

भीमगीतांचंही तसंच. मैदानात सगळे गातात म्हणून ती पारंपरिक होत नाहीत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांचे शब्द २०६४ अखेरपर्यंत संरक्षित. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, ते २०२९ अखेरपर्यंत. परवानगी घ्या, नाव द्या, वाटा द्या. या माणसांनी आयुष्यभर गाऊन फारसं काही कमावलं नाही, निदान वारसांपर्यंत तरी ते पोचावं.

कव्हरसाठी (दुसऱ्याचं गाणं नव्याने मुद्रित करायला) कलम ३१सी चा वैधानिक परवाना आहे, पण मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्यावरच, आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरून. घरगुती लेबलला तो परवडत नाही. हक्कधारकाशी थेट लेखी बोलणं हाच मार्ग.

ऱ्हस्वदीर्घ

कोड आणि नावं याबद्दल मी लिहितो.

आयएसआरसी हा मुद्रणाचा कोड, १२ अक्षरांचा: देश दोन, नोंदणीदार तीन, वर्ष दोन, अनुक्रमांक पाच. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री देते. वितरकही (गाणी स्पॉटिफाय वगैरेंवर पोचवणारी कंपनी) देतो. फरक असा की नोंदणीदाराचा कोड तुमच्या लेबलचा असेल तर अनुक्रमांकांची वही तुमच्या ताब्यात राहते. वितरक बदलला तरी कोड तोच ठेवायचा, नाहीतर आधीचे स्ट्रीम नव्या नोंदीला जोडले जाणं कठीण. रिमिक्स, लाइव्ह, कराओके यांना प्रत्येकी वेगळा कोड. फक्त आवाजाची पातळी बदलली तर नवा कोड नको. यूपीसी हा संपूर्ण प्रकाशनाचा कोड, त्याची यात गल्लत नको.

भाषा ‘मराठी’च निवडा. घाईत ‘हिंदी’ राहून जाते आणि गाणं चुकीच्या याद्यांमध्ये जातं. कलाकाराचं नाव एकदा ठरलं की तेच: एकदा ‘शाहीर’ लावून, एकदा न लावता दिलं तर दोन वेगळी पानं तयार होतात. गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात टोपणनाव नको, आयपीआरएसला दिलेलं पूर्ण नाव द्या.

देवनागरीतला एक बारीक सापळा. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात खाली टिंब असलेला ऱ आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. लेबलसाठी एकच कीबोर्ड ठरवा आणि शीर्षकं एकाच माणसाने टाइप करावीत. रोमन शीर्षकाचंही तसंच, ‘ळ’ ला एल की एलएच हे आधी ठरवून वहीत लिहा.

कव्हरचं चित्र ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी, जेपीजी, आरजीबी. त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ, दुकानांचे लोगो नकोत, नाहीतर ते परत येतं. चित्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं पाहिजे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ए प्रमाणे मुद्रणावर निर्मात्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष द्यावं लागतं, कॅसेट किंवा पेनड्राइव्ह काढलात तर हे विसरू नका.

अबोली_कल्याण

वितरक कोणता धरावा?

ऱ्हस्वदीर्घ

नाव सांगत नाही, अटी वाचा. वार्षिक वर्गणीवाले स्वस्त दिसतात, पण वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात. एकदाच फी घेणारे पुढे टक्केवारी कापतात. वर्षाला दहा-बारा गाणी काढणाऱ्याला पहिला प्रकार परवडतो, दोन वर्षांत एक अल्बम काढणाऱ्याला दुसरा. भाड्याच्या बीटवर (तयार तालावर) किंवा सर्वांना खुल्या लूपवर (फिरत राहणाऱ्या तयार तुकड्यावर) गाणं केलं असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीला (गाणी ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेला) ते देऊ नका. तोच लूप वापरणाऱ्या इतरांवर दावे जातात आणि तुमचंच खातं अडचणीत येतं.

फाइल प्रकाशनाच्या चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवायला हवं, आणि एकदा गाणं बाहेर आलं की ती संधी गेली.

खरज_लालबाग

हिशेबाचं मी मांडतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर गेल्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या मुद्रणाला रॉयल्टी मिळत नाही. म्हणजे वीस गाणी प्रत्येकी ८०० वेळा ऐकली गेली तर १६,००० स्ट्रीम होऊनही तिथून शून्य. छोट्या लेबलने कमी गाणी काढावीत आणि प्रत्येकाच्या मागे तीन-चार महिने उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतून येणाऱ्या रकमेवर तिथला कर कापला जातो. वितरकाकडे अमेरिकी करखात्याचा डब्ल्यू-८बेन फॉर्म पॅनसकट भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के, न भरला तर जास्त. हा फॉर्म पहिल्याच दिवशी भरा. पैसे एकाच्या खात्यात येत असतील तर दर तिमाहीला एक तक्ता सगळ्यांना पाठवा: आलेली रक्कम, कापलेला कर, खर्च, प्रत्येकाचा वाटा. रक्कम ४० रुपये असली तरी पाठवा. तक्ता थांबला की विश्वास आटायला लागतो.

लेबलचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ९ आणि ४१ मध्ये शोधा. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये. लोगो त्यानंतर करून घ्या, आधी नको.

सुरावट_विरार

कराओके ट्रॅक वेगळा काढावा का? मिक्सिंगला वेळ जातो.

वेव्हफॉर्म_ठाणे

नक्की काढा, त्याच बैठकीत. आवाज म्यूट करायचा, कोरस ठेवायचा, मास्टरची साखळी तीच. दहा मिनिटं लागतात. ऑर्केस्ट्रावाले, शाळेची स्नेहसंमेलनं, गणेशमंडळं सगळे तो मागतात. वर्षभराने मागितला की प्रोजेक्ट उघडत नाही.

धुमाळी

एक राहिलं. वितरकाच्या अर्जात वादकांसाठी वेगळा रकाना असतो. तो ऐच्छिक असतो म्हणून नव्वद टक्के वेळा रिकामाच जातो. तो भरा. वाद्यांच्या यादीत ढोलकी, संबळ, दिमडी सापडली नाही तर ‘पर्कशन’ निवडा, पण गाण्याच्या वर्णनात आणि लेबलच्या वहीत वाद्याचं खरं नाव आणि वादकाचं पूर्ण नाव लिहा. गावाकडचा वादक असेल तर नावाचं स्पेलिंग त्याच्या आधार कार्डावरून घ्या, फोनवर ऐकून लिहू नका.

ऱ्हस्वदीर्घ

धुमाळी, +१. कोऱ्या वहीचा नमुना टाकतो: क्रमांक, शीर्षक देवनागरी, शीर्षक रोमन, आयएसआरसी, यूपीसी, गीतकार, संगीतकार, संयोजक, गायक, वादक आणि वाद्य, मुद्रणाची तारीख आणि जागा, मालक आणि टक्के, कराराची मुदत, मूळ फाइली कुठे. चौदा रकाने. शेवटच्या रकान्यात डिस्कचा क्रमांक आणि ती कुणाच्या घरी आहे तेही लिहा.